‘पर्मनंट होईल’ या आशेवर किती दिवस?

आयटीआय किंवा डिप्लोमा झाला, की मराठवाड्यातली, विदर्भातली, खानदेशातली मुलं चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरीची वाट धरतात. सहा जणांत एक खोली, मेसचा डबा, बारा तासांची ड्यूटी आणि पगार झाला की घरी पाठवलेले काही हजार. कसं चाललंय असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: ‘सध्या चाललंय. पुढे पर्मनंट केलं तर बरं होईल.’ ओटीचे पैसे अर्धेच मिळतात हे त्याला ठाऊक असतं. उत्पादन वाढावं म्हणून प्रेस मशीनचा सेन्सर बंद करून ठेवलाय, हेही तो रोज बघतो. तरी गप्प असतो.

हा लेख त्या मुलामुलींसाठी आहे, आणि ‘टिकून राहा बाबा’ असं त्यांना फोनवर सांगणाऱ्या आईवडिलांसाठीही. उद्या राजीनामा द्या किंवा सुपरवायझरशी भांडा, असं यात काही नाही. आशा जरूर ठेवावी. पण तिचा हिशेब कागदावर असावा आणि तिला मुदत असावी. ज्या आशेला मुदत नसते, तिचा फायदा फक्त ठेकेदाराला होतो.

आपण गप्प का बसतो?

पहिलं कारण भीतीचं. ‘बाहेर शंभर उभे आहेत’ हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेलं असतं आणि सकाळी गेटवर ती गर्दी दिसतेही. दुसरं कारण घरचं. बहिणीचं लग्न, पीककर्ज, भावाची फी यांचा हप्ता डोक्यावर असताना एक महिनाही रिकामं बसणं परवडत नाही. ही दोन्ही कारणं खरी आहेत. नुसतं ‘हिंमत धरा’ म्हणून ती जात नाहीत.

तिसरं कारण मात्र फारसं बोललं जात नाही. पोलीस भरतीची, सैन्याची, तलाठी परीक्षेची तयारी करणारी कितीतरी मुलं कंपनीत असतात. त्यांच्या लेखी ही खरी नोकरी नसतेच. ‘आपल्याला इथे कुठे आयुष्य काढायचंय?’ असं म्हणत ती सगळं चालवून घेतात. भरती पुढे जाते, वयाची अट जवळ येते आणि तात्पुरती म्हणून धरलेली नोकरी चार-पाच वर्षं चालते. तेवढ्या वर्षांचा पीएफ, ओटी, रजा हे सगळं सोडून दिलेलं असतं. महिनाभर जरी काम केलं, तरी त्या महिन्याचा पूर्ण मोबदला हा हक्कच आहे. पुढे पोलीस व्हायचं असो की शेती करायची असो, त्यात फरक पडत नाही.

आधी तीन याद्या करा

कामाबद्दलची सगळी तक्रार एकाच गोळ्यात ठेवली, की काहीच हाताला लागत नाही. म्हणून एक कागद घ्या आणि तक्रारींचे तीन भाग करा.

पहिला भाग त्रासाचा. उभ्याने काम, उकाडा, नाइट शिफ्ट, बोलण्यात तुसडा असलेला सुपरवायझर. हे नको असतं, पण काम शिकण्याच्या काळात काही प्रमाणात सोसावं लागतं. यावर बोलून, शिफ्ट किंवा लाइन बदलून मार्ग निघू शकतो.

दुसरा भाग चोरीचा. किमान वेतनापेक्षा कमी पगार, ओटीचा सिंगल दर, कापलेला पण न भरलेला पीएफ, दहा मिनिटं उशिरासाठी अर्ध्या दिवसाची कपात. हा तुमचा पैसा आहे. गैरहजेरीची कपात गैरहजर असलेल्या वेळेच्या प्रमाणातच करता येते. ‘कंपनीचा नियम आहे’ म्हणून कायदा बदलत नाही.

तिसरा भाग धोक्याचा. प्रेसचं गार्ड काढलेलं, उंचीवर बेल्टशिवाय चढवणं, टाकीत हवा न तपासता उतरवणं. इथे मुदत देऊ नका, दुसऱ्या दिवसाची वाटही पाहू नका. जिवाला किंवा अवयवाला धोका आहे असं वाटण्याजोगं कारण असेल, तर ते मालकाच्या आणि सुरक्षा समितीच्या कानावर घालण्याचा हक्क कामगाराला आहे आणि त्यावर लगेच उपाय करणं मालकावर बंधनकारक आहे. गेलेलं बोट कुठल्याही पर्मनंट ऑर्डरने परत येत नाही.

कागद जमवण्याची सवय

कामगार कार्यालयात किंवा न्यायालयात बहुतेक मुलांचा पहिला पराभव होतो तो ‘तुम्ही इथे कामाला होता याचा पुरावा काय?’ या प्रश्नावर. ठेकेदार तीनदा बदललेला असतो, ओळखपत्र जाताना गेटवर जमा करून घेतलेलं असतं, पगार कधी रोख तर कधी दुसऱ्याच फर्मच्या खात्यातून आलेला असतो. म्हणून पहिल्या दिवसापासून पुढच्या गोष्टी करा.

नेमणूकपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याची तरतूद आहे. ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. दर महिन्याची पगार स्लिप मोबाइलमध्ये आणि ईमेलवर, अशी दोन्हीकडे ठेवा. शिफ्ट लावल्याचे सुपरवायझरचे मेसेज पुसू नका. छोट्या डायरीत रोजची आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ लिहा. ठेकेदाराचं नाव बदललं, तर कोणत्या तारखेपासून बदललं तेही लिहा.

उलट बाजूने, कोऱ्या कागदावर सही करू नका. तारीख न टाकलेल्या राजीनाम्यावर तर नाहीच नाही. मूळ गुणपत्रिका आणि आयटीआयचं प्रमाणपत्र ठेकेदाराकडे ठेवू नका; मूळ दाखवा, झेरॉक्स द्या. आणि नोकरी लावण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका.

स्लिप वाचायला शिका

समजा, तुमचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये आहे आणि इतर भत्ते धरून एकूण पगार १६,०००. आता एकेक ओळ बघू.

पीएफ १३,००० वर १२ टक्के म्हणजे १,५६० रुपये कापला जातो. तेवढीच रक्कम मालकाने स्वतःच्या खिशातून घालायची असते. काही ठेकेदार दोन्ही हिस्से कामगाराच्याच पगारातून वळते करतात. मालकाचा हिस्सा तुमच्या पगारातून कापणं बेकायदा आहे. हे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. म्हणून १५ तारीख उलटली, की उमंग अॅपवर पासबुक उघडा. सलग दोन महिने आकडा हलला नाही, तर समजा पाणी मुरतंय. यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, आयुष्यभर एकच ठेवा. प्रत्येक ठेकेदार नवा नंबर काढतो आणि जुन्या खात्यांतली रक्कम विसरली जाते. कंपनी सुटली की पीएफ काढून घेण्याची घाईही नको. पेन्शनसाठी एकूण १० वर्षांची सेवा लागते आणि ती वेगवेगळ्या कंपन्यांतली मिळून धरता येते.

ईएसआयसी (कामगार विमा) एकूण पगारावर ०.७५ टक्के, म्हणजे १६,००० वर १२० रुपये. मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ही योजना लागू आहे. यातली मेख अशी, की वाहन उद्योगाच्या पुरवठादार कारखान्यांत अनेक कामगारांना ईएसआयसीचं कार्ड अपघात झाल्यानंतर मिळतं. अशा अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ संस्थेने आपल्या अहवालांत हे वर्षानुवर्षं नोंदवलं आहे. कार्ड रुजू होताना मिळालं पाहिजे. कामावर दुखापत झाली, तर बरं होईपर्यंत वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम ईएसआयसीकडून मिळते. त्यासाठी अपघाताची नोंद कंपनीच्या अपघात वहीत आणि रुग्णालयाच्या कागदावर ‘कामावर असताना’ अशीच झाली पाहिजे. ‘गाडीवरून पडलो असं सांग, खर्च आम्ही करतो’ ही ऑफर कधीही स्वीकारू नका.

व्यवसाय कर महाराष्ट्रात १०,००० रुपयांवर पगार असणाऱ्या पुरुषांना महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. महिलांना मात्र २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. मुलींनो, तुमच्या स्लिपमध्ये ही कपात दिसली तर विचारा.

आता ओटी. १३,००० भागिले २६ दिवस, भागिले ८ तास, असं केलं की तासाचे साडेबासष्ट रुपये येतात. कायद्याने ओटी दुप्पट दराने, म्हणजे तासाला १२५ रुपये. महिन्यात ४० तास ओटी केली तर ५,००० रुपये व्हायला हवेत. सिंगल दराने हातात येतात २,५००. महिन्याला अडीच हजार, वर्षाला तीस हजार. यात मोटरसायकलचं डाउन पेमेंट निघतं. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतले रोजचे कमाल तास ९ वरून १२ करण्याला आणि तिमाहीतल्या ओटीची मर्यादा ११५ तासांवरून १४४ करण्याला मंजुरी दिली. पण आठवड्याचे ४८ तास, कामगाराची लेखी संमती आणि दुप्पट दर हे त्यातही कायम आहे. ‘आता बारा तास कायदेशीर झाले’ असं अर्धंच सांगून कुणी ओटी बुडवत असेल, तर उरलेलं अर्धं तुम्हाला माहीत असू द्या.

किमान वेतन बघायचं असेल तर आपला उद्योग कोणता आणि कारखाना कोणत्या परिमंडळात येतो हे आधी पाहा. महाराष्ट्रात विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत असा वर्षातून दोनदा सुधारला जातो. या दोन महिन्यांत पगार जराही बदलला नाही, तर चौकशी करा.

२४० दिवसांचं गणित

प्रत्येक एमआयडीसीत हा आकडा पाठ असतो. ‘२४० दिवस भरले की पर्मनंट करावं लागतं, म्हणून सात महिन्यांत ब्रेक देतात.’ हे हवेतलं नाही. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत सलग सेवेचे २४० दिवस भरले, तर त्याला कायम करण्याची तरतूद होती. कायम होऊ नये म्हणूनच वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानुसार अनुचित कामगार प्रथा ठरते.

पण यातलं काहीही आपोआप होत नाही. २४१ व्या दिवशी कुणी ऑर्डर हातात ठेवत नाही. ब्रेक, बदललेला ठेकेदार, ‘ट्रेनी’ असं पदनाम, या सगळ्या वाटांनी ते टाळलं जातं. शिवाय नव्या औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेश ३०० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांनाच लागू आहेत आणि ठराविक मुदतीच्या नेमणुकांना मोकळीक आहे. अशा मुदतीच्या कामगाराला एका वर्षाच्या सेवेवर ग्रॅच्युइटी मिळते, ही जमेची बाजू. तेव्हा केवळ २४० च्या आकड्यावर विसंबून आयुष्याचे बेत आखू नका. आपल्या कारखान्याला आज काय लागू आहे, हे कामगार न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाला विचारा.

‘ट्रेनी’ आणि ‘अप्रेंटिस’ यांनी तर आपला कागद दोनदा वाचावा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवाराला पुढे नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. करारात तसं लिहिलं असेल तरच ते येतं. मात्र परवानगीशिवाय शिकाऊ उमेदवाराकडून ओटी करून घेता येत नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पास उमेदवाराला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. मुदत आधी सहा महिने, मग अकरा महिने झाली. ती संपल्यावर प्रशिक्षणार्थींनी कायम करण्याची मागणी घेऊन आंदोलनं केली. मागणी समजण्यासारखी होती, पण योजनेच्या कागदात कायम नोकरीची हमी नव्हती. साहेब तोंडी काय बोलले यापेक्षा कागदात काय लिहिलंय, हे रुजू होण्याआधी बघा.

विचारायचं कसं?

भांडणाच्या आवाजात विचारलं की उत्तर मिळत नाही आणि माणूस नजरेत मात्र येतो. म्हणून पायरीपायरीने जा.

पहिल्या पायरीवर एचआर किंवा टाइम ऑफिसला साधं विचारा: ‘सर, माझ्या डायरीत ४० तास आहेत, स्लिपमध्ये २६ दिसतात. जरा बघता का?’ कित्येकदा चूक कबूल होते आणि फरक पुढच्या पगारात येतो. नाही झालं, तर तेच ईमेलने किंवा व्हॉट्सअॅपवर लिहा. तारीख, तास, रक्कम. एकही विशेषण नको.

दुसरी पायरी एकत्र विचारण्याची. एकट्याने मागितलं तर तो ‘नाटकं करणारा’ ठरतो. लाइनवरच्या पंधरा जणांनी सह्यांचा अर्ज दिला, तर तो लाइनचा प्रश्न होतो. पंधराही जणांना एकाच दिवशी गेटबाहेर काढणं कंपनीला परवडत नाही, कारण दुसऱ्या दिवशी डिस्पॅच अडकतो. सात कामगार एकत्र आले तर संघटनेच्या नोंदणीसाठी अर्ज करता येतो. मात्र आस्थापनेतले १० टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद लागतात.

हा रस्ता महाराष्ट्राला नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या काय होत्या? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, कामावर दुखापत झाली तर बरं होईपर्यंत वेतन. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. मागण्यांची ही यादी आजच्या एखाद्या ठेक्याच्या कामगारासमोर ठेवली, तर त्यातलं निम्मं त्यालाही मागावंसं वाटेल.

दार कुठलं ठोठावायचं?

वेतन, ओटी, बोनस, कामावरून कमी करणं यासाठी कामगार उपायुक्त किंवा सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय. यंत्राची सुरक्षितता, गार्ड, अपघात यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. पीएफसाठी भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचं ऑनलाइन तक्रार पोर्टल. लैंगिक छळाची तक्रार कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत. कंपनीत दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. ठेकेदाराने पगार बुडवला, तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, म्हणून तक्रारीत दोघांचीही नावं घाला.

वकिलाच्या फीची चिंता असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १५१०० ही त्यांची हेल्पलाइन. मुदतीही सांभाळा. अनुचित कामगार प्रथेची तक्रार ९० दिवसांत करावी लागते. गावी जाऊन चार महिने विचार करत बसलात, तर बाजू खरी असूनही दार बंद झालेलं असतं.

तक्रार केली की नोकरी जाऊ शकते, हे लपवण्यात अर्थ नाही. कायद्याचं संरक्षण आहे, पण न्यायाला वेळ लागतो आणि खोलीचं भाडं थांबत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कागद, मग दोन महिन्यांचा खर्च बाजूला, मग सोबती, मग तक्रार.

आशेला मुदत द्या

रुजू झाल्याची तारीख लिहा आणि सहा महिन्यांनंतरची एक तारीख ठरवा. त्या दिवशी तीन प्रश्नांची उत्तरं द्या. मी नवीन काय शिकलो? व्हीएमसीचं सेटिंग, ड्रॉइंग वाचणं, मायक्रोमीटर-व्हर्नियरवर माप घेणं, असं काही नाव घेण्याजोगं हवं; फक्त पीस उचलून ठेवत असाल, तर ती शिकवण नाही. कायम करण्याबद्दल लेखी काय मिळालं? आणि गेल्या वर्षभरात माझ्या लाइनवरचे किती जण खरोखर पर्मनंट झाले? सर्वात खरं उत्तर या तिसऱ्या प्रश्नाचं असतं. एकही नसेल, तर तुम्हीच पहिले ठराल असं मानायला आधार नाही.

तिन्ही उत्तरं नकारार्थी असतील, तर नोकरीत असतानाच दुसरीकडे अर्ज सुरू करा. अनुभवपत्र घ्या, फुल अँड फायनल लेखी मागा. नव्या वेतन संहितेप्रमाणे ते दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. पीएफ नव्या कंपनीत वर्ग करून घ्या. भांडून निघालेल्या माणसापेक्षा हिशेब चुकता करून निघालेल्या माणसाला पुढची नोकरी लवकर मिळते.

आईवडिलांना एक विनंती. मुलगा ‘इथे नको वाटतं’ म्हणाला, तर लगेच शेजारच्याचा दाखला देऊ नका. यंत्र सुरक्षित आहे का, पीएफ भरतात का, ईएसआयसीचं कार्ड मिळालं का, हे तीन प्रश्न आधी विचारा.

येत्या सात तारखेपर्यंत पगार खात्यात आला पाहिजे. त्या दिवशी स्लिप मागून घ्या, दहा मिनिटं बसून ती ओळीने वाचा आणि शेजारच्या मशीनवरच्या पोरालाही वाचायला लावा.